टोकदार कमान

"सांगा पाहू, ही वेदी चर्चच्या पूर्व टोकालाच का?" मिटलेल्या छत्रीनं दिशा दाखवत चारुदत्तानं विचारलं.

शकुननं डोळे बारीक करून वेदीकडे पाहिलं. "संध्याकाळी पाद्रीबुवांच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून?"

मागच्या बाकावर तिच्या वडिलांना, विनायकरावांना, ठसका लागला.

मुलगी बघायची ती चर्चमध्ये, ही चारुदत्ताची हौस. साहेब देश सोडून गेल्याला पाच वर्षं झाली होती, पण हा गडी विलायतेत इंजिनिअर होऊन नुकताच परतला होता आणि तिथल्या खेड्याखेड्यातलं चर्च आपणच बांधल्यासारखा बोलत होता. "कांदेपोहे, पत्रिका-बित्रिका असलं जुनाट काही मी मानत नाही," असं त्यानं आल्या आल्या बजावलं होतं. त्यामुळे कलकत्त्यात बालीगंजातल्या शकुनच्या घरी पोहे गार होत होते आणि मध्यस्थ सरलामावशी, सवयीनं चपला दाराबाहेर काढून, इथे तीर्थ कोण देतं ते बघत बसल्या होत्या.

खरं उत्तर शकुननं झोपेतही दिलं असतं. इंग्लंडातली गावोगावची चर्च हाच तिचा एम.ए.चा विषय. पण विनायकरावांनी शब्द दिला होता: या मुलानं नाकारलं, तर वर्षभर लग्नाचं नाव काढायचं नाही आणि शकुननं शाळेतली नोकरी खुशाल धरावी. होकार आला तर मात्र बाडबिस्तरा उचलून त्याच्या घरी नागपूरला जायचं. तेव्हा आज ठार अडाणी दिसायचं, असं ठरवूनच ती आली होती.

"चूक!" चारुदत्त खुलला. "जेरुसलेम पूर्वेला, म्हणून वेदी पूर्वेला. बरं, वर मनोरा कशाला?"

"घड्याळ लांबून दिसावं म्हणून."

"चूक! घंटेसाठी." तो ऐटीत खांबाला टेकला. "आणि ही कमान बघा. अस्सल नॉर्मन. वर कशी टोकदार आहे!"

शकुननं जीभ दाताखाली धरली. टोकदार कमानीला नॉर्मन म्हणणं म्हणजे पुरणपोळीला थालीपीठ म्हणणं. पण नोकरीसाठी तिनं तेही गिळलं. "अगंबाई, हो का!" ती म्हणाली.

चारुदत्त विनायकरावांकडे वळला. "मला मुलगी पसंत आहे. एम.ए. ऐकून जरा धास्तावलो होतो. शिकलेल्या मुली फार वाद घालतात. पण ही अगदी कोरी पाटी आहे. हिला मी शिकवीन!"

मावशींनी आनंदानं हात जोडले, ते थेट वेदीलाच. शकुनच्या पायाखालची जमीन सरकली. इतकं जीव तोडून नापास व्हावं आणि नेमका पहिला नंबर यावा!

"नॉर्मन कमान अर्धगोल असते," ती म्हणाली. आवाज वर्गात लागतो तसा लागला. "ही टोकदार आहे ती गॉथिक. वेदी पूर्वेला असते ती उगवत्या सूर्याकडे तोंड म्हणून. जेरुसलेमसाठी असती, तर कलकत्त्यात ती पश्चिमेला बांधावी लागली असती. तुमच्या हिशेबानं साहेब इतकी वर्षं इथे जेरुसलेमकडे पाठ करून प्रार्थना करत होते. आणि तुम्ही टेकलात तो खांब दगडाचा नाही, विटांवर चुना फासलाय. कोट झटकून घ्या."

चारुदत्तानं पाठ चाचपली. हात पांढराफटक झाला. विनायकराव एकाएकी चष्मा पुसू लागले, आणि बराच वेळ पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी सरलामावशी पडेल चेहऱ्यानं घरी आल्या. पाणी पिऊन झालं, पंख्याखाली बसून झालं, तरी त्यांना विषयाला हात घालवेना.

"मुलगी लाखात एक आहे म्हणाला हो," शेवटी त्यांनी सांगून टाकलं. "पण करणार काय? पत्रिका जुळत नाही म्हणे!"