निवांत पॅक

शेजारचे इनामदार गाद्या-भांडी टेम्पोत भरून घाईघाईने निघून गेले. हेमलताताईंनी अस्वस्थ होऊन टीव्ही लावला, तर बातम्यांत नदीकाठी छान ऊन पडलेलं. नवऱ्याच्या, दिगंबररावांच्या हृदयविकारामुळे मुलीने वर्षापूर्वी टीव्हीचा 'निवांत' पॅक घेतला होता. त्यात काळजीची बातमी घरात येतच नसे.

ताईंनी माळ्यावरची जुनी अँटेना काढून खिडकीला बांधली, वायर जोडली. मुंग्यांनी भरलेल्या चित्रातून आवाज आला, "धरणाचे दरवाजे उघडले आहेत. नदीकाठची घरं ताबडतोब सोडा."

"बंद कर ते! छातीत धडधडतंय माझ्या," दिगंबरराव ओरडले.

"धडधडू दे. चपला घाला आधी."

बाहेर पहिल्या पायरीला पाणी लागलं होतं. वर्षभरात पहिल्यांदाच दिगंबरराव घाबरले होते, आणि बायकोचा हात धरून भराभर चालत होते.