तिसरं थडगं

“त्या पडलेल्या इमानाचं नाव माझ्या दारात काढायचं नाय, मास्तर,” मनकर्णाबाई म्हणाली. सुपातले गहू पाखडणं तिनं थांबवलं नाही. हबीब मास्तर ओट्याच्या कडेला तसेच बसून राहिले. गंगापूरच्या एस.टी.नं या गावात यायची त्यांची ही चौथी खेप होती.

मास्तर भूगोल शिकवून निवृत्त झालेले. समुद्र त्यांनी फक्त नकाशात पाहिलेला, आणि म्हातारपणी नाद लागला तो लढाईच्या काळात कोसळलेल्या आरमारी विमानांचा. कुठलं विमान कुठं पडलं, आत कोण होतं, त्यांना कुठं पुरलं, याच्या त्यांनी वह्या भरल्या होत्या. औरंगपुऱ्यात लोक हसायचे. मास्तरही त्यांच्यासोबत हसायचे. पण एका थडग्यानं अकरा वर्षं त्यांचा जीव खाल्ला होता.

निजामाचं राज्य असताना, चव्वेचाळीस साली, मुंबईहून हैदराबादकडे निघालेलं तीन बैठकांचं आरमारी विमान याच गावच्या शिवारात पडून जळालं. गोऱ्यांच्या फौजेनं तीन मुडदे नेले आणि छावणीच्या कब्रस्तानात पुरले. दोन थडग्यांवर नावं होती. तिसऱ्यावर नुसतं ‘एक खलाशी’ कोरलेलं. बिननावाचा मेलेला माणूस मास्तरांना बघवत नव्हता. त्यांनी विलायतेला पत्रांवर पत्रं धाडली. मागच्या आठवड्यात उत्तर आलं आणि त्यांचं डोकंच चक्रावलं. त्या दिवशी विमानात माणसं दोनच होती.

“आक्का, एवढंच सांगा. विमानाजवळ गावातलं कोण गेलं होतं?”

“कोन जातंय? बाँब फुटंल म्हून समदं गाव घरात दडलं व्हतं.” तिनं सूप खाली आपटलं. “त्याच दिशी माझा मालक परागंदा झाला. इमानातल्या साहेबाची कातडी पेटी सापडंना, अन् त्यो बी सापडंना. निजामाच्या पोलिसांनी सासऱ्याला चावडीत बांधून तीन दिवस झोडपलं. मंग सोडलं, पर म्हातारा काय पुन्ना उठला नाय. चोराची पोर म्हून माझ्या लेकीला कुणी पदरात घेईना. आता कळलं, नाव का काढू देत नाय ते?”

मास्तरांनी पिशवीतून वही काढली. पुरताना छावणीच्या पाद्र्यानं मुडद्यांची टिपणं लिहिली होती, त्यांची नक्कल तिच्यात होती. तिसऱ्याचं टिपण दोनच ओळींचं. दोन्ही हात वैमानिकाच्या काखेत. कमरेला चांदीची साखळी.

साखळीची ती इंग्रजी ओळ वाचताना मास्तरांच्या डोळ्यांपुढं कायम खलाशी असायचा. खलाशांच्यात असेल तशी रीत, असं धरून त्यांनी आरमाराच्या पोशाखाची पुस्तकं पालथी घातली होती. आणि ज्यांच्या शेजारात उभा जन्म काढला, ते लोक कमरेला काय बांधतात हे एकदाही सुचलं नव्हतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं त्यांना झालं.

“आक्का, त्यांच्या कमरेला करदोडा होता?”

“व्हता की. चांदीचा. माझ्या बापानं लग्नात घातलेला.”

मग मास्तरांनी सगळं सांगितलं, जपून, शब्द मोजून. तिचा नवरा कडूबा कुठंही पळाला नव्हता. सगळं गाव दडून बसलेलं असताना तो एकटा जाळात शिरला होता. वैमानिकाच्या काखेत हात घालून त्याला बाहेर ओढता ओढता तिथंच राहिला.

“तुमचा माणूस चोर नव्हता, आक्का. छावणीत आहे तो, इज्जतीनं पुरलेला. थडग्यावर नाव घालायला मी अर्ज करतो. चावडीवर उभा राहून साऱ्या गावाला हा कागद वाचून दाखवतो.”

एक्केचाळीस वर्षांचा डाग आपल्या हातून पुसला जातोय याचा त्यांना आनंद होता, खोटं कशाला बोला. आता ती रडेल आणि मोकळी होईल, असं त्यांना वाटलं.

मनकर्णाबाई रडली नाही. तिनं विचारलं, “मुडदे कवा उचलले फौजेनं?”

“चौथ्या दिवशी. पुण्याहून मोठे साहेब येईपर्यंत पहारा होता. कुणाला जवळ जाऊ दिलं नाही.”

अंगणातली कोंबडी येऊन सुपातले गहू टिपू लागली, तरी मनकर्णाबाईनं तिला हाकललं नाही.

“म्हंजी तिसऱ्या दिशी त्ये तिथंच व्हते,” ती म्हणाली. “सासऱ्याचे हाल बघवंनात म्हून त्याच दिशी मी चावडीत गेले, मास्तर. पेटी घिऊन पळताना त्यायला डोळ्यांनी बघितलं, असं मीच सांगितलं.”