मऊ भात

शालनताईंनी दोन्ही हातांचा पाळणा करून हलवला. खानावळीतली बाई नुसती बघत राहिली.

लेकीचं बाळंतपण करायला त्या साताऱ्याहून हनोईला आल्या होत्या. दवाखान्यातल्या जेवणाच्या वासानेच लेकीला मळमळायचं. दोन दिवस तिच्या पोटात काही नव्हतं. जावई कामावर गेल्यावर त्या एकट्याच समोरच्या खानावळीत शिरल्या होत्या.

आता त्यांनी भाताच्या पातेल्याकडे बोट दाखवलं, पाचही बोटांनी कालवल्यासारखं केलं आणि ओठ घट्ट मिटून मान एका बाजूला फिरवली. "मऊ हवा गं बाई. लेक जेवत नाही माझी."

बाईने स्वतःच्या पोटावरून हात फिरवला आणि दवाखान्याकडे बोट केलं. शालनताईंनी जोरात मान डोलावली. बाईने लगेच भात पाणी घालून पुन्हा चुलीवर चढवला, आलं ठेचून टाकलं. पेज डब्यात भरली आणि डबा हातात न देता स्वतःच बरोबर निघाली.

खाटेशी बसून तिने फुंकर घातलेला चमचा लेकीच्या ओठांशी नेला. लेकीने तो घेतला, मग दुसराही.

"आई, या कोण?"

"नाव विचारता येतंय कुठं मला?" शालनताई डोळे पुसत म्हणाल्या. "तू खा."