वाढवावा, वाढवू नये, सांगता येत नाही

बुटांच्या कारखान्यातल्या कटिंगमास्तरांना जन्मात कुणी मत विचारलं नव्हतं. म्हणून सर्वेक्षणवाली पोरगी दारात आली, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हातानं खुर्ची पुसून पुढे केली. पोरगी बसली आणि त्यांची नजर तिच्या बुटांवर गेली.

"बाहेरचा माल," ते म्हणाले. "वर्षभर टिकले तर नाव बदलीन."

"माझ्याच दुकानातले दिसतायत," बायको हात पुसत आतून आली. "चांगले खपतात."

पोरीनं फोनवरचा प्रश्न वाचला. बाहेरून येणाऱ्या मालावरचा कर वाढवावा, वाढवू नये, की सांगता येत नाही?

मास्तर याच प्रश्नाची वाट बघत होते. चामडं कापण्यात त्यांचा हात धरणारा कारखान्यात कुणी नव्हता, पण परदेशी बूट स्वस्तात यायला लागल्यापासून कारखाना अर्धाच आठवडा चालायचा. कर वाढला नाही तर तोही बंद, असं मालकानं तोंडावर सांगितलं होतं. मास्तरांनी घसा खाकरला.

"लिहा. वाढवावा. दुप्पट करावा. आता त्याचं असं आहे..."

"काका, एक मिनिट. एका घरातून एकाचंच मत घ्यायचं असतं. ज्याचा वाढदिवस सगळ्यात आधी येणार, त्याचं. नियमच आहे तसा."

"मग माझाच की."

"तुमचा होऊन गेला," बायको म्हणाली. "माझा पुढच्या आठवड्यात आहे. तुमच्या कुठं लक्षात असतो म्हणा."

आता याला काय म्हणावं! अख्ख्या गल्लीला मत ऐकवून दमलेला माणूस बाजूला, आणि पाळी कुणाची, तर जिनं कधी तोंड उघडलं नाही तिची. तरी मास्तरांनी मनाची समजूत घातली. जेवताना रोज ऐकतेच की ती. नवऱ्याला सोडून वेगळं काय सांगणार? त्यांनी तिला डोळ्यांनी खूण केली.

"काका, खुणा नकोत."

बायकोनं प्रश्न पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाली, "वाढवू नये."

मास्तर गर्रकन तिच्याकडे वळले. "अगं, कारखाना बसेल. माझ्याच पोटावर पाय देतेस?"

"आणि वाढवला तर आमचं दुकान बसेल." तिचा आवाज चढला नाही. दुकानात गिऱ्हाईकाला भाव सांगावा तशी ती बोलत होती. "तुमचं काम गेलं तर मी घर चालवीन. एका शब्दानं टोचून बोलणार नाही. माझं गेलं, तर तुम्ही म्हणाल, बरं झालं, आता घरी बस."

म्हणाले असते. अगदी ह्याच शब्दांत म्हणाले असते, आणि आतून बरंही वाटलं असतं. हे तिला इतकं पक्कं ठाऊक असावं, याची मास्तरांना लाज वाटली. ते नखाशी चाळा करत बसून राहिले.

पोरीनं खाली मान घालून उत्तर नोंदवलं.

"शेवटचा प्रश्न," तिनं मास्तरांकडे बघितलं. "कुटुंबप्रमुख कोण?"

मास्तरांचं बोट स्वतःच्या छातीकडे गेलं, मग बायकोकडे वळलं.

"तेही तिलाच विचारा," ते म्हणाले.