दोन्ही कान ठीक

तपासणीचं यंत्र अजून खोक्यातच होतं, तरी पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: दोन्ही कान ठीक.

ती आधी हसली. कोणाचे कान, टेबलाचे? दवाखान्यातून प्रोग्रॅमची नवी आवृत्ती टाकायला आलेला संगणक तिने नुकताच सुरू केला होता आणि चुकून तपासणीचं बटण दाबलं गेलं होतं. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा ठीक. मग तिचं हसू मावळलं.

यंत्र तान्ह्या बाळांचे कान तपासायचं. कानात बारीक टिकटिक सोडायची आणि कानातून उलट येणारा प्रतिसाद टिपायचा. यंत्राशी बोलणारी नेटिव्ह लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, यंत्राच्या कंपनीची; दवाखान्याचा प्रोग्रॅम जावा या संगणकभाषेतला. दोघांना एकमेकांची भाषा कळत नाही, म्हणून मध्ये दुभाष्या लागतो. तो रॅपर तिने लिहिला होता. जावाने विचारायचं, रॅपरने ते लायब्ररीला विचारायचं आणि आलेला आकडा परत द्यायचा. शून्य म्हणजे दोष नाही.

तिने घाईघाईने कोड उघडला. लायब्ररी सापडली नाही की प्रोग्रॅम धाडकन बंद पडायचा, आणि तेव्हा, काही महिन्यांपूर्वी, दवाखान्यासमोरचं प्रात्यक्षिक अगदी तोंडावर आलं होतं. दिवस भरत आलेले, पाय सुजलेले, कधी एकदा घरी जाऊन पडते असं झालेलं. तिने ती चूक रॅपरमध्येच गिळून टाकली. उत्तर आलं नाही तर शून्य दे. शेजारी लिहून ठेवलं, ‘तात्पुरतं’. मग ती बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि ते तात्पुरतं थेट दवाखान्यात जाऊन बसलं.

तिथल्या नव्या संगणकांवर ती लायब्ररी कधी चाललीच नव्हती. दुभाष्या कोणालाही न विचारता मनानेच उत्तरं देत होता.

तिने उठून साहेबांना सांगितलं. प्रोग्रॅम एकदाही बंद पडला नाही म्हणून त्यांनीच तिची पाठ थोपटली होती. आता त्यांचाही चेहरा उतरला. तिथे जन्मलेलं एकेक बाळ परत बोलवावं लागेल, असं पुटपुटत त्यांनी दवाखान्याला फोन लावायला घेतला आणि ते थबकले.

“तुझी मुलगी कुठे झाली गं?”

त्याच दवाखान्यात झाली होती. लेकीच्या तपासणीत ती हिरवी अक्षरं उमटली, तेव्हा हे माझं काम, असं तिने नर्सला कौतुकाने सांगितलं होतं. पोरगी आता बसायला लागली होती. हसरी, गुटगुटीत, कधी किरकिर म्हणून नाही. सगळ्याच बाळांना थोडाच दोष असतो, असं मनाला समजावत तिने घरी फोन लावला.

बाळाजवळ नवरा होता. फोनमधून एवढा धडधडाट येत होता की त्याला ओरडूनच बोलावं लागलं.

“शेजारी भिंत फोडतायत, तुझं काही ऐकू येत नाहीये मला. आणि आपलं पिल्लू बघ, पाळण्यात ढाराढूर. पापणीसुद्धा हलली नाही. एवढं गुणी बाळ असतं का कुठे?”