नऊ मीटर

शिंपीकाकांचं घर जिथं होतं, तिथं आता नुसती माती होती. त्या मातीवर मोजणीवालीनं काठी उभी केली आणि टोकावरचं यंत्र सुरू केलं. काका दोन पावलांवर थांबले. सकाळपासून ते तिची पाठ सोडत नव्हते.

डोंगर खचल्याला आज नववा दिवस. परवा विमानानं वरून लेझर मारून सगळा उतार मोजला होता. नव्या मोजणीतून जुना नकाशा वजा केला, तर घरावर नऊ मीटर माती निघत होती. पाचाच्या वर असेल तर खोदायचं नाही, नाहीतर उरलेला कडाही खाली येईल, असं ठरलं होतं. विमानाचे आकडे खरे की खोटे, एवढंच तिला जमिनीवर उभं राहून पडताळायचं होतं.

"ताई, विमान चुकतही असेल ना?"

"चुकतं, काका. म्हणून तर मला पाठवलंय."

"मग नीट बघा. आमची ही आत आहे."

तिनं नीट बघितलं. काठी सरळ केली, आकडा घेतला. यंत्र बंद करून पुन्हा लावलं, पुन्हा घेतला. मग उगाचच तिसऱ्यांदा. बारा वर्षांच्या नोकरीत, आकडा चुकावा असं तिला पहिल्यांदाच वाटत होतं.

तिन्ही वेळा तेच आलं.

"कितीनं चुकलं?" काकांनी विचारलं.

"चार सेंटिमीटर."

"इंचात सांगा."

"दीड इंच."

काकांनी अंगठा आणि बोट यांत तेवढं अंतर धरलं. बराच वेळ धरून ठेवलं.

"एवढी माया तर मी शिवणीतच सोडतो," ते म्हणाले.

तिला मान वर करवेना. फॉर्मवर तिनं आकडा लिहिला, खाली 'ग्राह्य' असं लिहून सही केली.

"म्हणजे आता खोदायचं मशीन परत जाणार."

"हो, काका."

काका खाली वाकले. तिच्या काठीनं पडलेलं भोक त्यांनी तळव्यानं हलकेच बुजवलं.

"जाऊ दे," ते म्हणाले. "एवढ्या खालून आता कशाला उठवायचं. दुपारची जरा कुठं आडवी झाली होती."