आंबवणाची बरणी

स्वयंपाकघराला रंग द्यायचा होता, म्हणून सुनेने तिच्या घरगुती बेकरीचं सामान रात्रीपुरतं गाडीत हलवलं. सकाळी पाहतो तर गाडीची काच फुटलेली आणि मिक्सर, वजनकाटा, पिशव्या, सगळं गायब. ती फुटपाथवरच मटकन बसली. "आई, आंबवणाची बरणीपण गेली हो!" तिचा पाव त्या आंबवणावरच फुगतो आणि गिऱ्हाइकं त्याच चवीसाठी येतात. रंगाचा वास लागू नये म्हणून आम्ही ते मुद्दाम घराबाहेर ठेवलं होतं! ते माझ्या सासूबाईंनी लावलेलं. मी नवी नवरी होते तेव्हा त्या बजावायच्या, "सकाळी आधी त्याला पीठ-पाणी, मग आपला चहा." त्या गेल्यावरही मी ते कधी चुकवलं नाही. तेवढ्यात समोरची शिंपीण खिडकीतून ओरडली, "आजी, कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर ती बरणी तुमचीच ना? झाकण काढून टाकलंय मेल्याने!" या गुडघ्यांनिशी मी धावले. बरणी धड होती, भरलेली होती. सुनेने नाक आत घालून हुंगलं. तोच आंबट वास. "नासलंय समजून टाकून पळाला वाटतं," ती म्हणाली आणि रडता रडता खुदकन हसली. "मिक्सर काय, दुसरा घेऊ. थांबा, पोलिसांना फोन करते." "कर की," बरणी पोटाशी धरत मी म्हटलं, "पण आधी मूठभर पीठ आण. कालपासून उपाशी आहे बिचारं."